स्प्रिंग नसलेला दांडा

दुपारी दीड वाजता जिनपाल मगदूमचा दोन खोल्यांचा फ्लॅट इमारतीतून सुटला आणि वर गेला. बाकीची इमारत जागच्या जागी राहिली. खालच्या मजल्यावरच्या टेके मास्तरांच्या स्वयंपाकघरात छताच्या जागी ऊन पडलं, तेव्हा मास्तरीणबाईंनी आधी सांडग्यांचं ताट तिथं सरकवलं. जिना मात्र फ्लॅटला सोडेना. फ्लॅट जेवढा वर चढे तेवढ्या नव्या पायऱ्या जिन्याला वरच्या टोकाशी फुटत. कठडाही फुटे, आणि भिंतीवरची पानाची पिंकसुद्धा.

जिनपालला नवल वाटलं नाही. चूक कुठं झाली ते त्याला कळलं होतं. बटण त्यानं स्वतः दाबलं होतं.

इचलकरंजीत त्यानं एकोणचाळीस वर्षं मागांच्या जळक्या मोटारी भरल्या. जळकी तार उपसायची, वेढे मोजून नवी भरायची, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायची. त्याच्या उस्तादानं त्याला एक रीत घालून दिली होती: आपण भरलेली मोटर आपण चालू करायची नाही. भरणाऱ्याचा जीव त्या तांब्यात गुंतलेला असतो, त्याला हवा तोच आवाज ऐकू येतो. बटण दुसऱ्यानं दाबायचं, आपण चार पावलं लांब उभं राहून कान द्यायचा. जिनपालच्या दुकानात हा दुसरा हात बायकोचा, पद्मावतीचा. तव्यावर चपाती असली तरी ती गॅस बारीक करून, हात पदराला कोरडे करून यायची, बटण दाबायची आणि त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहायची. तो मान हलवायचा. ती परत चपातीकडं. सव्वीस वर्षांच्या संसारात दोघांचं सगळ्यात लांब बोलणं ते एवढंच.

पुढं दुकान बंद झालं. जावयानं जुना कॉम्प्युटर आणून दिला, त्यात विमान चालवायचा खेळ होता. जिनपालनं जुन्या बाजारातून एक जॉयस्टिक, म्हणजे ते विमान वळवायचा दांडा, आणली आणि तिसऱ्या दिवशी खोलून बसला. म्हातारपणी माणसाला हौस पाहिजे म्हणतात. हौस कसली! हातात काम धरलं की कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, हाच त्यातला नफा.

जॉयस्टिकच्या पोटात दोन व्हॉल्यूम असतात, रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असतात तसले. एक डावं-उजवं सांगतो, एक वर-खाली. दोन्ही झिजले होते, त्यामुळं पडद्यावरचं विमान उचकी लागल्यासारखं उडायचं. त्यानं ते बदलले. केसासारख्या वायरी उपटून आपली तांब्याची तार घातली. प्लास्टिकची मूठ फेकून दिली आणि भंगारातल्या मागाचा लाकडी दांडा बसवला. शेवटी स्प्रिंग काढून टाकली. स्प्रिंग असली की हात सोडताच दांडा मध्यावर येतो आणि विमान आपलं आपण सरळ होतं. जिनपालला हे पटेना. आपोआप जागेवर येणारी गोष्ट फसवी, असं त्याचं मत. धरणाऱ्यानं धरलं पाहिजे.

हे काम चालू असतानाच पद्मावती न्हाणीत पडली. तिनं हाक मारली.

"एवढा डाग देतो आणि आलो," तो म्हणाला.

तारेला कथलाचा डाग द्यायला अर्धं मिनिट लागतं. तो चाळीस मिनिटांनी गेला. ती ओल्या फरशीवर तशीच बसली होती, पाय सुजलेला. पाय बरा झाल्यावर निपाणीला लेकीकडं गेली आणि आठ महिने आली नाही.

आज सकाळी त्यानं फोन केला.

"काम झालंय," तो म्हणाला. "बटण दाबायला कोण न्हाई."

याला माफी म्हणत असतील तर ती त्याच्याकडं एवढीच होती. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, आणखी एक झाली.

"तीनच्या आत येते," पद्मावती म्हणाली. "तवर हात लावू नका."

दीडपर्यंतच त्याला दम निघाला; मग त्यानं स्वतःच बटण दाबलं.

पडद्यावरचं विमान धावपट्टीवर उभंच राहिलं. वर गेला तो फ्लॅट. दांडा अंगाकडं ओढला की फ्लॅट चढायचा. डावीकडं नेला की डावीकडं कलायचा आणि मांडणीवरची भांडी एकेक करून खाली यायची. पुढं ढकलला की फ्लॅट खाली बघायचा, पण खाली जायचा नाही. आणि हात सोडायची तर सोयच नव्हती. त्यानं एकदा नाक खाजवायला सोडून बघितला. दांडा मेलेल्या माणसाच्या मानेसारखा बाजूला पडला, आणि फ्रिज खोलीभर चालत जाऊन भिंतीला टेकला.

टेके मास्तरांचा फोन आला. जिनपालनं डाव्या हातानं फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"मगदूम, तुमचा नळ चालू हाय. आमच्या घरात बारीक भुरभुर यायलीय."

"बंद करता येत न्हाई. हात गुंतलाय."

"कवा मोकळा होणार?"

"सांगता येत न्हाई."

"मग सोसायटीत लेखी द्या," मास्तर म्हणाले. "उद्या सगळेच उडाय लागले तर खाली कोण राहायचं?"

हजार फुटांवर न्हाणी भिंतीत गेली. दोन हजारांवर स्वयंपाकघर कपाटाएवढं झालं, आणि भुरभुर आपोआप थांबली. दर चढणीला फ्लॅट आवळत होता. खिडक्या एकामागं एक सरकत पुढच्या भिंतीत आल्या. खाली इचलकरंजी उलट्या विणीसारखी दिसत होती, सगळ्या गाठी वर. पलंग गुंडाळला गेला. लग्नातला फोटो खिळ्यासकट खुर्चीच्या पाठीशी आला. जिनपाल दांडा मध्यावर धरून बसला. मनगटात कळ यायला लागली होती.

तीनला पाच मिनिटं असताना पद्मावतीचा फोन आला.

"घर कुठं हाय?"

"वर."

"वर म्हंजे?"

"जिना हाय. जिन्यानं ये."

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"दाबलं न्हवं?"

"दाबलं."

"दीड तास. दीड तास कळ काढवली न्हाई तुम्हाला."

ती चढायला लागली. फोन तिनं बंद केला नाही. तिच्या चपलांचा आवाज येत राहिला, दुखऱ्या पायाचा जरा घासल्यासारखा. प्रत्येक मजल्यावर टेके मास्तरांचंच दार होतं. चौदाव्या मजल्यावर मास्तरीणबाईंनी तिला पाणी दिलं. अठराव्यावरही त्यांनीच दिलं. बाविसाव्यावर त्या म्हणाल्या, "किती येळा येशील बाई? घरात काय काम हाय की न्हाई आम्हाला?"

"अवं, मी तर माझ्या घरी चाललीय," पद्मावती म्हणाली.

"त्या माणसाकडं?" मास्तरीणबाई म्हणाल्या आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

साडेपाचला दारावर थाप पडली. फोनमधूनही पडली, जरा उशिरानं.

"उघडा."

"कडी आतनं हाय."

"मग काढा की."

जिनपालनं मागं बघितलं. खोली आता एका मोटारगाडीच्या आतल्या बाजूएवढी उरली होती. दार त्याच्या पाठीमागं होतं, कडी डाव्या हातापासून अडीच हात लांब. दांडा उजव्या हातात.

"हात मोकळा न्हाई," तो म्हणाला.

दाराबाहेर पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, डब्याचं झाकण उघडल्याचा आला. पद्मावती पायरीवर बसून जेवत होती. दिवस मावळायच्या आत जेवायचा तिचा नेम. लग्नापासून तिनं तो मोडला नव्हता आणि त्यानं कधी पाळला नव्हता.

"घाई करू नको," तो दाराला म्हणाला. "हितं दिवस मावळत न्हाई."

"खाली मावळाय आला असंल."

"असंल."

"भेंडी आणलीय तुमच्यासाठी. फटीतनं जाईना."

त्याला एवढंच सुचलं की वर गेल्यावर खोली आवळते. खोली आवळली की कडी जवळ येईल. त्यानं दांडा हळूच अंगाकडं ओढला. फ्लॅट चढला, भिंती आत आल्या, फोटोची काच त्याच्या मानेला गार लागली. कडी हातभर जवळ आली. बाहेर दार आणि पद्मावती यांच्यामध्ये चाळीस पायऱ्या फुटल्या.

"अवं, काय केलंसा?"

"कडी जवळ आणाय लागलोय."

"मी लांब पडले की."

"चढून ये."

ती पायऱ्या मोजत चढून आली. कडी अजून दीड हात होती. त्यानं परत ओढला. परत चाळीस पायऱ्या. या वेळी तिला यायला जास्त वेळ लागला आणि चढताना ती मोजायची थांबली. तिसऱ्या वेळी ओढला तेव्हा बोटांची टोकं कडीला लागली, पण कडी हलेना; तिला अंगठा लागतो. फोनमधून फक्त धाप ऐकू येत होती.

"पद्मा."

"आता मला जमायचं न्हाई," ती म्हणाली. "पाय भरून आलाय. ह्याच्यापुढं चढवलं तर मी हितंच बसून राहीन. न्हाणीत बसले हुते तशी."

जिनपालनं दांडा तिथंच धरला. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात नव्हता. त्यानं खुर्चीत अंग पिळलं, डावा खांदा निखळेल इतका मागं नेला आणि कडीत अंगठा अडकवला. कडी निघाली. दार आपोआप बाहेर उघडलं आणि वारा आत आला.

बऱ्याच वेळानं पद्मावती दारात आली. केस सुटलेले, एका हातात चपला, एका हातात डबा. तिनं आत बघितलं. आत एक खुर्ची मावत होती आणि खुर्चीत तो होता. त्याचे गुडघे पुढच्या काचेला टेकले होते, छत डोक्याला. तिला पाऊल ठेवायलाही जागा नव्हती.

"कुठं बसू?" तिनं विचारलं.

त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. जागा असल्यासारखं बघितलं.

"तुम्ही बाहेर या," पद्मावती म्हणाली. "पायरीवर. दोघं मावतो."

"हात सोडला तर हे पडेल."

"पडू दे."

"एकोणचाळीस वर्षांचं हातातलं कसब हाय ह्यात."

"ठाऊक हाय मला. बटण कोण दाबत हुतं?"

तो म्हणाला, "सोडतो." त्यानं तसं मनगटाला सांगितलं, बोटांना सांगितलं. बोटं दांड्याभोवती तशीच राहिली. लाकडावर त्यांचा रंग चढला होता की त्यांच्यावर लाकडाचा, ते त्याला सांगता आलं नसतं. तो हाताकडं बघत राहिला, दुसऱ्याच्या हाताकडं बघावं तसा.

"सुटंना," तो म्हणाला. आठ महिन्यांत त्याचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला.

पद्मावतीनं चपला आणि डबा पायरीवर ठेवला. उंबऱ्यावर पोटावर पडून ती त्याच्या खांद्यावरून पुढं वाकली आणि तिनं त्याची करंगळी धरली. ती मागं वाकवली. करंगळी वाळल्या फांदीसारखी कुरकुरली आणि सुटली. फ्लॅट किंचित उजवीकडं कलला. काचेत क्षितिज तिरकं झालं. तिनं पुढचं बोट धरलं. तेही सुटलं, आणि डबा पायरीवरून घरंगळत खाली गेला, एकेका पायरीवर आपटत, फार वेळ. मधलं बोट सोडवायला तिला दोन्ही हात लागले, तर्जनीलाही लागले. दार बिजागरीवर फडफडायला लागलं होतं. जिना दाराच्या चौकटीपासून वीतभर सुटला होता, मग दोन वीत, आणि तिचे पाय अजून जिन्यावर होते.

"बघू नका खाली," ती म्हणाली आणि तिनं अंगठा धरला.