निचऱ्याची नळी

धाकटीने वॉशिंग मशीनला मिठी मारली आणि ते इंच इंच करत भिंतीपासून पुढे ओढलं. मागे फरशीवर पाणी साचलं होतं. तिने प्लग काढला, नळ बंद केला, फरशी कोरडी पुसली आणि पोटावर आडवी होऊन मशीनच्या मागच्या बाजूवर टॉर्च मारला.

दुरुस्तीवाला चार दिवसांनी येणार होता. नवरा बाहेरगावी. तो घरी असता तरी फारसा फरक पडला नसता. पाना आण म्हटलं तर पुस्तकाचं पान उघडून बसणारा माणूस. आणि उद्याच्या ड्यूटीला धुतलेला गणवेश एकच उरला होता.

रुग्ण बोलत नसेल तर नुसतं बघत बसायचं, हे ती बारा वर्षं वॉर्डात शिकली होती. सकाळी तिने मशीन रिकामंच चालवून पाहिलं. पाणी भरताना गळत नव्हतं, घुसळतानाही नाही. बाहेर सोडताना मात्र भळाभळा. म्हणजे निचऱ्याची नळी. पंपाशी तिच्या टोकाला ओल चमकत होती. पण नळी निघायची तर तिच्यावरची तारेची कडी दाबायला हवी, आणि ती काही बोटांनी दबेना.

पक्कड खाली होती. थोरल्या जाऊबाईंकडे.

सासूबाई गेल्या त्या दुपारी धाकटी ड्यूटीवर होती. धावतपळत घरी आली, तेव्हा भरल्या घरात थोरली म्हणाली होती, "जगाच्या आया सांभाळ तू. घरची गेली." त्याला आता अकरा महिने झाले. भाऊ-भाऊ बोलत. या दोघी जिन्यात समोरासमोर आल्या, की एकजण चप्पल नीट करायला वाकायची.

धाकटीने हात पुसले आणि जिना उतरली.

दार उघडंच होतं. थोरली शिवणयंत्रावर वाकली होती. यंत्र नेहमीच्या खिडकीशी नव्हतं. पलीकडे, उजेड नसलेल्या भिंतीशी सरकवलं होतं.

"पक्कड हवी होती."

अकरा महिन्यांतलं पहिलं वाक्य असं लोखंडी निघालं.

थोरलीचे पाय थांबले. ती उठली आणि ड्रॉवर धुंडाळू लागली. तेवढ्यात धाकटीची नजर वर गेली. खिडकीजवळ छताला पिवळट डाग पडला होता, एकात एक तीन वलयं. त्याच्या बरोब्बर खाली बादली. बादलीत जुन्या कापडाची जाड घडी घातलेली, थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून.

"हे कधीपासून?"

"असेल महिना."

"मग सांगायचं ना, ताई!"

"सांगायला वर यावं लागलं असतं." थोरलीने पक्कड पदराला पुसली. "आणि वर आल्यावर नुसतं पाण्याचं बोलून भागलं असतं का?"

पक्कड घेऊन धाकटी वळली. तीन पायऱ्या चढली असेल नसेल, मागून चपला वाजल्या.

टॉर्च थोरलीने धरला. कडीचे दोन्ही कान पकडीत दाबल्यावर ती सरकली आणि नळी सुटून हातात आली.

"टोकाला चिरलीय," धाकटी म्हणाली. "नवीन आणावी लागणार."

"कशाला? चिरलंय तेवढं कापून टाक. मागे चांगली वीतभर ढील आहे."

"तुमची कात्री…"

"माझ्या कात्रीला हात लावशील तर बघ! सुरी आण."

धाकटीला हसू फुटलं. ते तिने मशीनकडे तोंड करून लपवलं.

चिरलेला भाग कापला, नळी घट्ट आतपर्यंत बसवली, वर कडी चढवली. मशीनखाली वर्तमानपत्र पसरून धाकटीने प्लग लावला, नळ सोडला. मग दोघी फरशीवर बसून राहिल्या. मशीनमध्ये पाणी भरू लागलं.

"त्या दिवशी मी शेजारच्याच खोलीत होते," थोरली मशीनच्या काचेकडे बघत म्हणाली. "कॉलर बसत नव्हती एक. तीनदा उसवली. पाच पावलांवर त्या गेल्या आणि मला पत्ता नाही. यंत्राच्या खडखडाटात त्यांची हाक ऐकू आली नसेल, हेच डोक्यात घुमतं. आणि खापर फोडलं तुझ्यावर."

धाकटी वळून तिच्याकडे बघू लागली.

"आल्यावर मी पाहिलं होतं त्यांना. पांघरुणाची घडीसुद्धा मोडली नव्हती. एक हात उशीखाली. झोपेतच गेल्या त्या, ताई. हाक मारायला आधी जाग यावी लागते."

"खरं सांगतेस? की पेशंटच्या माणसांना सांगता तसं?"

"त्यांनाही खरंच सांगते." धाकटीचा आवाज खाली आला. "तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. रागात गिळून बसले."

थोरलीने पदर तोंडाला लावला.

पंप घरघरला. दोघींनी एकदमच वाकून गाल फरशीला टेकवले. मोरीत पाण्याचा लोट पडला, खळखळत गेला, थांबला. धाकटीने वर्तमानपत्र ओढून काढलं आणि दोन्ही बाजूंनी हात फिरवला.

"कोरडं."

थोरली गुडघ्यांवर हात देत उठली. दारापाशी गेली, तिथेच रेंगाळली.

"खाली दोन चादरी पडल्यात. पिळून पिळून मनगटं गेलीत माझी."

"आणा की."

चपला जिन्यावरून खाली गेल्या, पूर्वीसारख्या भरभर. धाकटी आपले मळके गणवेश गोळा करत होती, तेवढ्यात जिन्याखालून आवाज आला,

"पडदेही आणू का गं?"