अक्काचं वय

अभिमन देवरे सरांचं दरवर्षीचं एक वाक्य ठरलेलं होतं. जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागून त्यांना एकतीस वर्षं झाली, पण वार्धक्याचा धडा आला की खडू हातात घेऊन ते तेच म्हणायचे, "पोरांनो, शरीराला कागद वाचता येत नाही." पोरं हसायची. मग सर छातीच्या हाडावर बोट ठेवून सांगायचे, की याच्यामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती चांगली भरलेली असते, रोगांशी लढणाऱ्या पेशी तिच्यात तयार होतात. वय वाढतं तशी ती आटते, तिच्या जागी चरबी साचते, आणि म्हातारपणी माणसाला जुन्याच पेशींवर भागवावं लागतं. म्हणून तरुणाला दोन दिवस लोळवणारा खोकला म्हाताऱ्याला उचलून नेतो. "आणि हे तुमच्या दाखल्यावरची तारीख बघून होत नाही," सर म्हणायचे. "माझी तारीख एक जून आहे. आमच्या गावात शाळेत गेलेला जो तो एक जूनलाच जन्मलाय. गुरुजींनी लिहिली ती तारीख."

आता इतकं स्वच्छ कळणाऱ्या माणसानेच असं करावं, याला काय म्हणायचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सरांची आई त्यांच्या बाळंतपणातच गेली. थोरली बहीण द्रौपदा, त्यांची अक्का, तेव्हा आठ वर्षांची होती. वडील धरणगावकडे दुसऱ्यांच्या कापसात राबायचे आणि द्रौपदा भावाला कडेवर घेऊन बांधावर बसायची. गावातल्या बरोबरीच्या पोरी शाळेत गेल्या, तिचं नाव कुणी घातलंच नाही, कारण कडेवर भाऊ होता. पुढे तो भाऊ शाळेत गेला आणि त्याला एक जून मिळाला. अक्काला कुठलीच तारीख मिळाली नाही.

तिचं लग्न धुळे तालुक्यातल्या एका गावात झालं. मुलगा भटू झाला, काही वर्षांनी नवरा गेला. मग गावात आधार कार्डाचा कॅम्प आला. कॉम्प्युटरवरच्या माणसाने जन्मसाल विचारलं, अक्काला ते सांगता आलं नाही, तेव्हा त्याने तिच्या केसांकडे बघितलं. केस काळेभोर होते. त्याने अंदाजाने एक साल ठोकून दिलं. त्या सालाप्रमाणे अक्का सरांपेक्षा तीन वर्षांनी धाकटी झाली. याची घरात केवढी गंमत. दर भाऊबीजेला अक्का ओवाळून झाल्यावर म्हणायची, "आते मीच तुना पाया पडस." आणि सर हसत हसत तिच्या पायांवर डोकं ठेवायचे.

मग सरांना आयुष्यातलं सगळ्यात मोठं संशोधन मिळालं. पासष्टच्या पुढच्या माणसांना न्यूमोनियाची लस द्यायची, आधी रक्त घ्यायचं, महिन्याने पुन्हा घ्यायचं, आणि म्हातारं शरीर लशीला कितपत दाद देतं ते मोजायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. या कामावरचा निबंध चांगल्या ठिकाणी छापून आला की जन्माचं सार्थक, असं सर घरी दहादा म्हणाले असतील. तीन गावं निवडली. एक नशिराबादजवळचं, एक धरणगावकडचं आणि तिसरं अक्काचं. अक्काचं गाव का, तर तिथे माणसं गोळा करायला अक्का होती. फुकटची सुई टोचून घ्यायला गावात तयार कोण होतं? अक्का आठ दिवस दारोदार फिरली. "मना भाऊनं काम शे, चाला," एवढंच सांगायची. तिच्या शब्दावर बावीस म्हातारी माणसं शाळेच्या ओट्यावर येऊन बसली.

सगळ्यांचं झालं आणि शेवटी अक्का उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने आधार कार्ड टेबलावर ठेवलं. साक्षी नावाची सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी फॉर्म भरत होती. ती कार्ड बघून थांबली. "सर, इथे पंचावन्न येतंय."

"मग नाही घेता येणार," सर म्हणाले.

"भाऊ, तुले तं माहीत शे मनं वय," अक्का म्हणाली.

"मला माहीत असून काय उपयोग, अक्का? पुरावा लागतो."

अक्काने बोट सरळ सरांच्या छातीवर रोखलं. "पुरावा? हाऊ काय, मनामोरे खुर्चीवर बठेल शे. तुना जनम झाया तवय मी आठ वरीसनी व्हतू. कडवर कोण व्हतं मना?"

ओट्यावरची सगळी माणसं हसली. साक्षी हसली. आणि सर, तेही हसले. साक्षीने हळूच विचारलं, "सर, कार्डावरचं वय चुकीचं आहे अशी टीप देऊ? संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला कळवू." सरांच्या कपाळावर आठी चढली. "माझी सख्खी बहीण आहे ती. उद्या कुणी म्हटलं देवऱ्यांनी नातेवाईक घुसवले, तर सगळ्या कामावर पाणी पडेल." नियम खरा होता, त्याबद्दल वाद नाही. पण खरं सांगायचं तर नियमाहून सरांना निबंध प्यारा होता, आणि हे त्यांचं त्यांनाही त्याच वेळी कळलं होतं.

"पुढच्या महिन्यात जळगावला ये," ते अक्काला म्हणाले. "मी स्वतः विकत आणून टोचून देतो."

"राहू दे, भाऊ. तरणी बाईले काय व्हस?" अक्का म्हणाली, आणि कार्ड कमरेच्या पिशवीत घालून सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेली.

तो पुढचा महिना काही आला नाही. दुसऱ्या वेळचं रक्त गोळा करायचं होतं, आकडे मांडायचे होते, परीक्षा होत्या. अक्काला तर निमित्तच हवं होतं न यायला. गावात त्या दिवशी पाच लशी उरल्या होत्या. त्या नियमाप्रमाणे परत आणून कॉलेजच्या फ्रिजमध्ये ठेवल्या गेल्या आणि मुदत संपल्यावर नष्ट केल्या. नष्ट केल्याच्या कागदावर सही सरांचीच होती.

दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली. भटूचा फोन आला, की मामा, आईला ताप आहे, पण ती शेतात जातेच. अक्काने चार दिवस दुखणं अंगावर काढलं. पाचव्या दिवशी तिला धाप लागली, तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. सर जळगावहून पोचले तर तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. तरुण डॉक्टर केसपेपर बघून म्हणाला, "न्यूमोनिया आहे. पण वय काही फार नाही, पंचावन्न. निभावेल."

"सहासष्ट," सर म्हणाले.

"इथे पंचावन्न आहे."

 त्या आटलेल्या ग्रंथीवर सरांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं. आता ती अक्काच्या छातीत होती आणि तिला कागद वाचता येत नव्हता.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी हात टेकले. अक्का घरी न्या म्हणाली, म्हणून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरांना जवळ बोलावलं. बोलवत नव्हतं. तिने फक्त त्यांचा हात कमरेशी नेऊन धरला, जिथे मूल बसवतात तिथे, आणि तिथेच धरून ठेवला. तासाभराने ती गेली. सर लहान मुलासारखे रडले, आणि त्यांना कुणी गप्प करेना, कारण ते काम आजवर अक्काचं होतं.

ती ओट्यावरची बावीस माणसं मौतीला आली होती. त्यातले एक म्हातारबाबा सरांना म्हणाले, "तिनी आम्हले सुई टोची दिनी, आन् सोता गई." त्यांना दोष द्यायचा नव्हता. पण ते वाक्य सरांच्या जिव्हारी लागलं. अक्काने लस घेतली असती तर ती वाचलीच असती का, हे सरांनाही सांगता येत नव्हतं. म्हाताऱ्या शरीरात लस कधी लागते, कधी नाही. पण ते कळायचा रस्ता त्यांनी स्वतःच बंद केला होता.

तेराव्यानंतर मृत्यूची नोंद करायची होती. सर भटूला म्हणाले, "मी येतो. माहिती देणारा म्हणून माझं नाव घाल." त्यांना निदान एक कागद खरा करून घ्यायचा होता, दुसरं काही आता हातात नव्हतं.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक होता. भला, नम्र पोरगा. त्याने सरांना खुर्ची दिली, अक्काचं कार्ड उघडून लिहायला घेतलं. "द्रौपदाबाई. वय पंचावन्न."

"सहासष्ट लिहा," सर म्हणाले.

"पुरावा आहे का, सर? शाळेचा दाखला, काही?"

"ती शाळेत गेली नाही."

"मग?"

"मी आहे ना. मी पुरावा आहे," सर म्हणाले. "मी जन्मलो तेव्हा ती आठ वर्षांची होती. मी तिच्या कडेवर होतो."

बाकावर दोघं जण दुसऱ्याच कामासाठी बसले होते. ते हसले. वाईट हेतूने नव्हे, ओट्यावरची माणसं हसली होती तसंच. ग्रामसेवकही ओशाळून हसला. "सर, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला नियम काय सांगायचा?"

 हेच उत्तर सरांनी दिलं होतं, आणि ऐकून घेणारी चहा ठेवायला गेली होती.

ग्रामसेवकाने मग सरांचं कार्ड मागितलं, दोन्ही कार्डं शेजारी ठेवून तारखा बघितल्या आणि मृताशी नातं या रकान्यात आपणहून लिहिलं, थोरला भाऊ. "बरोबर ना, सर?"

भटू काहीतरी सांगायला पुढे झाला. सरांनी त्याला हातानेच थांबवलं, पेन मागून घेतलं आणि त्या शब्दांसमोर सही केली.