कावळ्याच्या पानावरचा काढा

बाबांच्या वर्षश्राद्धाला कावळा पानाला शिवेना. धायरीच्या त्या गच्चीवर अस्मिता आणि तिची आई मंदाकिनी केव्हापासून उन्हात उभ्या होत्या. पानावर वडे होते, खीर होती आणि वाटीत बाबांचा आवडता हिवाळी काढा. कावळा टाकीवर बसून सिंहगडाकडे बघत होता. तो शिवल्याशिवाय आई जेवणार नव्हती, आणि मधुमेहाची गोळी तर सकाळीच घेऊन झाली होती.

काढा म्हणजे मध, लवंग, दालचिनी घालून गरम केलेली रेड वाइन. बाबा रसायनशास्त्राचे मास्तर. एकदा जर्मनीला जाऊन आले आणि दर थंडीत हा काढा खोकल्यावर म्हणून आईला देऊ लागले. बाटली आणायचं काम अस्मिताचं. आईला कळू द्यायचं नाही, एवढाच करार. ते तिला शिकवत, बाटलीत दारू तेरा टक्के. नुसती वाफ आणली तर दहा-अकरा उरते, ती जर्मन तऱ्हा. स्वीडनचे लोक वर ब्रँडी ओततात, ती अठरा-वीसवर जाते. आणि खळखळून उकळली तर उरतं चिंचेचं सार.

श्राद्धाला दारू नको, म्हणून अस्मिताने आज सारच केलं होतं.

आईने वाटी हुंगली. "उकळलास?"

"काढा आहे ना, आई."

"हे कधी उकळायचे नाहीत. भांड्यावर चष्मा धरायचे. काच धुरकटली की गॅस बंद."

"तुला माहीत होतं?"

"खोकला नसताना मी दोन कप घ्यायचे. तुला काय वाटलं, दालचिनीसाठी?"

"मग बोलली नाहीस ते?"

"बोलले असते तर एकच कप मिळाला असता."

आई खाली गेली आणि लहानपणी अस्मिताच्या छातीला चोळायची ती ब्रँडी घेऊन आली. टोपणभर वाटीत ओतली. "घ्या. जरा स्वीडनकडे सरकवलाय."

कावळा उतरला. वाटीभोवती एक फेरी मारली, वडा उचलला आणि गेला.

"उकळलेलं ओळखलंन," आई म्हणाली. "चल, वाढ. आणि बाटलीत उरली असेल ती नीट गरम कर."

खाली येऊन अस्मिताने वाइन गॅसवर ठेवली, कपाटातून बाबांचा चष्मा काढला आणि भांड्यावर धरला.

"झालं का गं?" बाहेरून आई म्हणाली.

"दिसत नाहीये नीट."

"मग झालं. बंद कर."