ओढ्याच्या अलीकडे

आमच्याकडे नव्या माणसाला पहिला उन्हाळा संपेपर्यंत कुणी काही सांगायला जात नाही. टेक्ससच्या या कोपऱ्यात दर हिवाळ्यात शहरातून कुणी ना कुणी नुसत्या कागदावर जमीन घेऊन येतं आणि जून लागला की गाशा गुंडाळतं. अशांना जीव कशाला लावायचा? ओफेलियाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून आम्ही फक्त पैज लावतो, कोण कुठल्या महिन्यात पळणार याची. मर्ना आली तेव्हा मी एका बियरवर जून म्हणालो होतो.

मर्ना ओहायोची, बासष्ट वर्षांची. नवरा गेला, तिने राहतं घर विकलं आणि माझ्या शेजारचे वीस एकर न बघता घेतले. फेब्रुवारीत ट्रकभर पत्रे आणि लाकूड घेऊन आली. नकाशात होतं तसं दुसऱ्या फाट्याला वळली. पण आदल्या वर्षीच्या पुराने वाट फोडून एक फाटा जास्तीचा पाडला होता. तो मोजल्यामुळे बाई वळली एक फाटा अलीकडेच. ट्रक थांबला कोरड्या ओढ्याच्या अलीकडे. तिची जमीन पलीकडे होती. तिच्या आणि माझ्या सामाईक कोपऱ्यावरची लोखंडी खुंटी तर मीच ठोकली होती, माझ्या मोजणीच्या वेळी, वर माझी अक्षरं कोरून.

मी तिथून चाललो होतो तेव्हा ती घराच्या पायासाठी दोरी ताणत होती. एकटीच, एक टोक दगडाखाली दाबून. मला बघून तिने हात केला. मी म्हणालो, जागा मोकळी आहे, आणि पुढे गेलो. तोंड उघडायला मिनिटही लागलं नसतं. म्हटलं, जूनपर्यंत आहे, मग जाईलच.

ती गेली नाही. पारा एकशे बारा फॅरनहाइटवर गेला तेव्हा ओल्या चादरी टांगून ट्रकखाली झोपली. ऑगस्टमध्ये छपराचं पाणी पन्हळीतून टाकीत पडायला लागलं. ती टाकी तिने एकेक दगड उचलून आणून बांधली होती. सप्टेंबरात ओफेलियाने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली आणि मी मुकाट्याने बियर पाजली.

खरं तर तेव्हा सांगायला हवं होतं. पण भिंती उभ्या राहिल्या होत्या. सांगायचं म्हणजे, मी बघत उभा होतो हेही सांगायचं. तेवढी छाती माझ्याकडे नव्हती, अजूनही नाही. त्यात ती दर रविवारी मला जेवायला बोलवायला लागली. राजमा, मक्याचा पाव, वर कडक कॉफी. मी बोटं चाटत जेवायचो आणि स्वतःची समजूत घालायचो, की त्या तुकड्याचा मालक शिकागोला आहे, तीस वर्षांत फिरकलेला नाही, तो काय येतोय.

तो आला नाहीच, वारला. त्याच्या मुलींना जमीन विकायची होती, म्हणून चौथ्या वर्षी त्यांनी मोजणीदार पाठवला. पाठोपाठ मर्नाला वकिलाचं पत्र आलं: नव्वद दिवसांत जागा मोकळी करा. ते पत्र घेऊन ती माझ्या दारात आली. बसली नाही.

"हॉलिस, ओढ्यापलीकडच्या खुंटीवर तुझी अक्षरं आहेत म्हणे. तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू दोरी ताणत होतीस तेव्हापासून."

मी म्हणालो, आमच्याकडे पद्धत आहे, पहिला उन्हाळा... आणि माझं मलाच ऐकवेना.

"पहिला उन्हाळा संपून तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "माझ्या घरी दर रविवारी जेवलास ना रे?"

पत्राची घडी करून ती ओढ्याकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या पाच जणांना घेऊन मी गेलो. घर फळीफळीने सोडवून पलीकडे उभं करून देतो म्हणालो, टाकीसुद्धा. तिने सगळ्यांना कॉफी दिली, मलाही दिली. आणि सांगितलं की, आता ती सहासष्टची झाली, चार वर्षं परत नव्याने काढायचा दम तिच्यात नाही, बहिणीकडे ओहायोला जाईल. तिचे वीस एकर मी घ्यावेत, एवढंच तिचं मागणं होतं. माझ्या जमिनीला लागून आहेत, दुसरं कोण घेणार? मी हो म्हणालो. थांब म्हणायला हवं होतं, पण तो शब्द मी कुठल्या तोंडाने काढणार होतो?

महिनाअखेर आम्ही नव्वद मैलांवरच्या कौंटीच्या जमीन-नोंदणी कचेरीत गेलो. खरेदीखतावर तिने सही केली. कारकून पोरगी भली होती. तिने मला विचारलं, आजोबा, हद्दीच्या खुणांचा नकाशा सोबत जोडू का, नंतर शोधायला त्रास होतो.

"नको," मर्ना म्हणाली. "यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहेत."

आणि तिने पेन माझ्याकडे सरकवलं.