फोरमनची मोठी बॅटरी

श्वास ही निसर्गाने माणसाला दिलेली फुकट देणगी आहे. फोरमनची देणगी मात्र खांद्याला अडकवायच्या पिशवीत होती. दीड तास पुरायची आणि मग पी-पी करायची.

आताही तेच चाललं होतं. बागेतल्या बाकावर बुद्धिबळाचा पट, पलीकडे पोस्टमास्तर, आणि त्यांचा हात उंटापर्यंत जाऊन पुन्हा मांडीवर आलेला. मघापासून तो असाच ये-जा करत होता.

“खेळा की मास्तर.”

“विचार तरी करू द्याल?”

बॅटरी संपत आली तसं ऑक्सिजनचं मशीन जोरात वाजायला लागलं. फोरमन नाकातली नळी सावरत, दात-ओठ खात उठले. त्या बाकाचा एकच कायदा होता : डाव अर्धा टाकून उठेल तो हरला.

वर्षभर ते असे हरत होते. ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर धूळ गिळली. कारखान्याने फुफ्फुसं ठेवून घेतली आणि निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तेही त्यांनी गिळलं. पण हा वेळकाढू म्हातारा घशाखाली उतरेना. रोज जेवताना ते लेकीला ताटातच डाव मांडून दाखवत. पोस्टमास्तरांचा राजा कुठल्या खेळीत मेला असता, हे ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं.

शेवटी मशीन घेतलं होतं त्या दुकानात ती गेली. दुकानदार सहज म्हणाला, की याच कंपनीची दुप्पट क्षमतेची बॅटरी मिळते, पहिल्यापासून मिळते. त्याच्यामागच्या फळीवर छोट्या बॅटऱ्यांचे खोके छताला टेकले होते.

“मग आम्हाला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंच नाहीत, ताई.”

“धापा टाकत माझा बाप तुमच्या दारात उभा होता. त्याने आणखी काय विचारायचं होतं?”

दुकानदाराने तत्परतेने पिशवी हवी का, असं विचारलं.

नवी बॅटरी जाड निघाली. मशीनच्या खाली ती बोटभर बाहेर यायची, जुन्या पिशवीची चेन लागेना. लेकीने तळ उसवून कापड जोडलं आणि शिवताना दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी फोरमन बाकावर ऐसपैस बसले. “आज हवा तेवढा विचार करा, मास्तर. मी हलत नाही.”

पोस्टमास्तरांनी पिशवीच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. म्हणाले, मग आज विचाराची गरज नाही. आणि भराभरा खेळत त्यांनी चहा निवायच्या आत मात केली.

फोरमन पटाकडे बघतच राहिले.

“रोज मशीन वाजेपर्यंत हात आवरून बसायचो,” पोस्टमास्तर हळूच म्हणाले. “तुम्हाला धाप लागलेली. त्यात मात कुठे करू?”

“दया करत होता? माझ्यावर? वर्षभर?”

फोरमनच्या कानशिलाच्या शिरा फुगल्या. कारखान्यावर, दुकानदारावर ते एवढे चिडले नव्हते. उठून चालू पडावं, पुन्हा याचं तोंड बघू नये, असं वाटलं. मग त्यांनी आपला राजा उचलून जागेवर ठेवला.

“मांडा. आणि हात आवरलात तर याद राखा.”

पोस्टमास्तरांनी शब्द पाळला. बॅटरी संपायच्या आत फोरमन आणखी चार डाव हरले.