कोपराचं माप

मित्रांनो, मी शेतातल्या एका जुन्या घराच्या स्वयंपाकघरातला ओटा. काळ्या दगडाचा. गोड बोलायची मला सवय नाही, आणि दगडाकडून तशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. पण आज मला आभार मानायचे आहेत. आभार मानायचे तर आधी झालेलं खरं सांगावं लागतं, आणि खरं काही फार सुंदर नाही.

खाणीतून काढलं तेव्हा मी ओबडधोबड होतो. एका पाथरवटाने नऊ दिवस टाकी चालवून मला सपाट केलं. माझ्यापायी त्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. काम संपल्यावर त्याने माझ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "आता यावर माशी बसली तरी घसरेल!" तो माणूस पुन्हा कधी भेटला नाही, पण त्याचा तो तळहात मी विसरलेलो नाही.

मला या घरी आणलं. गवंड्याने विचारलं, "मालक, किती उंच बसवू?" मालक ताडमाड. त्याने स्वतःच्या कमरेच्या वर बोट टेकवलं आणि म्हणाला, "इथवर." झालं! एका शब्दात निकाल लागला. मालकीण चार पावलांवर धान्य निवडत बसली होती. ती त्याच्या छातीलाही लागत नव्हती. तिला कुणी विचारलं नाही. आणि ज्याच्या मापाने मी उभा राहिलो, त्या मालकाने पुढच्या अडतीस वर्षांत माझ्यावर एक कांदा चिरला नाही.

ती बाई लाकडी खोक्यावर उभी राहून राबली. चढ, ढवळ, उतर, डबा काढ, पुन्हा चढ. दोनदा पडली. एकदा मनगट मोडलं, तर घरातले म्हणाले, "बघून पाय टाकावा माणसाने." पाहुणे यायचे, माझ्यावर टिचकी मारून म्हणायचे, "काय दगड आहे! शंभर वर्षं हलायचा नाही." खोक्याकडे एकाचंही लक्ष गेलं नाही. लोक दगडाचं कौतुक करतात आणि त्याच्यापुढे झिजणाऱ्या बाईला 'सवय आहे तिला' म्हणतात. त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते.

मग ती गेली, तिच्यामागे मालकही गेला. दाराला कुलूप लागलं. सहा वर्षं मी उंदरांच्या लेंड्या आणि कोळ्यांची जाळी अंगावर घेऊन पडून होतो.

मग नवी माणसं आली. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. दार फुगून अडकलं होतं, ते सुनेने खांदा लावून उघडलं. नळ आधी खोकला, मग गंजाचं पाणी ओकला आणि शेवटी त्यातून एक मेलेली पाल पडली.

"चला, स्वागत तरी दणक्यात झालं," सून म्हणाली, आणि तिघंही पोट धरून हसली. घर आपलंसं करण्याची ही रीत मला आवडली.

सासूने मला चार बादल्या पाण्याने धुतलं. काजळी निघाली तशी ती ओरडली, "अगं, हा दगड आहे! मला वाटलं डांबर ओतलंय." ती ठेंगणी होती. तिचा उजवा खांदा धरलेला होता, हात छातीच्या वर जात नव्हता. मला ते पाण्याच्या पहिल्या तांब्यातच कळलं.

तिचा मुलगा वाईट नव्हता. वाईट माणसांवर रागावणं सोपं असतं, हा चांगला होता. त्याने दुकानातून स्वयंपाकघराच्या नमुन्याचा छापील कागद आणला, त्यावरचं माप घेतलं आणि भिंतीवर लाल रेघ मारली. ती माझ्यापेक्षा जेमतेम दोन बोटं खाली होती. "नवा ओटा इथे," तो म्हणाला, "हा दगड फोडून अंगणात टाकू, चिखलात पाय ठेवायला होईल. आणि आई, तू आता बसायचं. चहासुद्धा करायचा नाहीस."

"हो बाबा, काचेच्या कपाटात ठेव मला," आई हसून म्हणाली. त्याला ते हसू खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं विहिरीकडे गेली असताना ती एकटी आत आली. माझ्यावर दुधी ठेवला, सुरी घेतली. कोपर वर उचलावं लागलं तशी खांद्यातून कळ गेली आणि सुरी हातातून पडली. तिने डाव्या हाताने पुन्हा प्रयत्न केला. मग माझ्यावर तळवा टेकवून पुटपुटली, "उभं आयुष्य सगळ्यांना रांधून घातलं. आता कुणी ताट वाढेल म्हणून दाराकडे बघत बसायचं?"

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण सून पाण्याची घागर ठेवायला परत आली होती. ती दाराशी थबकली. तिने सगळं ऐकलं आणि आवाज न करता मागे फिरली.

सकाळी गवंडी आला. म्हातारा, चुन्याने बोटं खाल्लेला. रेघेपाशी बराच वेळ उभा राहिला.

"माप कुणाचं?"

"कागदावर दिलंय ना, दादा," मुलगा म्हणाला.

"कागद स्वयंपाक करतो?"

"नाही, पण सगळीकडे हेच असतं."

"म्हणून तर सगळीकडे बायकांचे खांदे दुखतात. हे पाप मी स्वतःच्या घरात करून बसलोय. बायको वीस वर्षं रोज ऐकवते, जेवणाआधी आणि जेवणानंतर. परात आणा, पीठ आणा. जो रोज मळणार त्याने मळायचं, मी कोपर बघतो."

"आधी आई," सून म्हणाली.

"अगं, आई कशाला? ती आता आराम—"

"तू आईंना एकदा तरी विचारलंस?"

"मला वाटलं, तिला बरं वाटेल."

"वाटलं तुला," आई म्हणाली. "विचारलं नाहीस."

मुलाचे कान लाल झाले. तो गेला आणि परात स्वतः घेऊन आला.

गवंड्याने जमिनीवर विटांचा चौथरा रचला, त्यावर फळी टाकली, फळीवर परात ठेवली. आई मळू लागली. तिचा खांदा वर चढलेला दिसला की तो एक थर कमी करी.

"आता?"

"अजून एक काढ, भाऊ."

"आता?"

ती मळण्यात गुंग झाली होती.

मग सुनेचं माप झालं. दोघींत दोन थरांचा फरक निघाला.

"साहेब, या तुम्ही."

"माझं माप कशाला?"

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने मुकाट्याने हात धुतले. गवंडी म्हणाला, "सूनबाईंच्या मापात तुम्ही अगदी बसता. सबब मिळणार नाही."

दोन उंचींचा ओटा कशाचा करायचा, असं निघालं तेव्हा सुनेने माझ्यावर बोट ठेवलं. "हाच कापा. याला फोडायचं नाही." गवंड्याने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मान डोलावली.

कापताना दुखलं का? दुखलं. कटरचं पातं शिरलं तेव्हा माझ्या अंगातून ठिणग्या उडाल्या. पण अखंड राहून मी कुणाचं काय भलं केलं होतं? माझे एकाचे दोन झाले. एक अर्धा खिडकीपाशी, खाली. दुसरा शेगडीच्या बाजूला, वर. आता दोन्हीकडे मीच आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, घरं बांधाल. पायरी, नळ, कपाट, ओटा, काहीही करा. पण तिथे रोज कोण उभं राहणार, ते आधी बघा. त्याला हाक मारा, त्याच्या हातात काम द्या आणि त्याचा खांदा बघा. प्रेमाने, पण न विचारता दिलेलं सुखसुद्धा माणसाला घराबाहेर काढतं. आणि जुनी वस्तू फोडण्याआधी तिच्यावर एकदा हात फिरवा. माझ्यावर तीन माणसांनी फिरवला: पाथरवटाने, या आईने आणि त्या गवंड्याने. त्यांचं ऋण मी मानतो, आणि बोट ठेवून मला वाचवणाऱ्या सुनेचंही.

आत्ता मुलगा कांदा चिरतो आहे, आणि सालं खिडकीकडच्या अर्ध्यावर लोटतो आहे.

"ए, उचल ते!" आई पिठाच्या हाताने त्याला ढकलते. "माझ्या ओट्यावर पसारा नको."