पेल्यावरचं नाव

पेल्यावर पेन्सिलीने पहिलं अक्षर काढलं आणि नाववाल्यांनी ते अंगठ्याने पुसून टाकलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. लोकांच्या भांड्यांवर नावं घालण्यात उभा जन्म गेला, पण आज नातवाच्या पेल्यावर हात चालेना.

नाव मुलाने आणि सुनेने ठरवलं होतं. नवं, ऐकायला गोड. संध्याकाळी दोघं बाळाला घेऊन येणार होती.

कपाटात मात्र आणखी एक पेला होता. त्यावर नाव आधीच कोरलेलं होतं: मिहिर.

ते बायकोने निवडलेलं. सुनेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बायको अंथरुणाला खिळली होती. शाळेत भाषा शिकवणारी बाई, आजारातही शिकवणं सुटेना. मिहिर म्हणजे सूर्य, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. ती म्हणाली, हा शब्द पार इराणातून आलाय. तिकडे ते आधी एका देवाचं नाव होतं. माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द राखणारा देव. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून पुढे तोच सूर्य झाला. आणि तिकडे मायेलाही हाच शब्द.

"मुलगा झाला तर हेच ठेवायचं. शब्द द्या."

त्यांनी दिला. लगेच पेलाही कोरून आणला.

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर तुम्ही चहा प्या त्यातून."

महिन्याभरात ती गेली.

त्यांनी नाव सुचवलं तेव्हा सून हसली होती. "बाबा, आमच्या ऑफिसात तीन मिहिर आहेत. एकाला हाक मारली की तिघं माना वर करतात."

तुझ्या आईला शब्द दिलाय, एवढं म्हटलं असतं तर मुलाने ब्र काढला नसता. दिवसभर ते वाक्य जिभेवर येत होतं. ते उठले, दार उघडलं, लावलं. कपाटातला पेला काढून टेबलावर ठेवला. कोरायचं यंत्र चालू केलं, बंद केलं. फोन हातात घेतला. पण मग प्रत्येक हाकेला मुलाला आईचं जाणं आठवणार, सुनेला आपलं हरणं. आणि ओ द्यायची त्या पोराने.

फोन खाली ठेवून त्यांनी नवं नाव एका दमात कोरलं.

संध्याकाळी सुनेने नवा पेला पाहिला, खूश झाली. मग तिची नजर टेबलावर गेली. तिने दुसरा पेला उचलला, वाचला आणि थबकली.

"बाबा, हा..."

"गिऱ्हाइकाचा," ते म्हणाले. "करून घेतला, पण न्यायला आलंच नाही."

त्यांनी तिच्या हातून पेला घेतला, विसळला आणि त्यात आपला चहा ओतला.